बाबांची अर्धी भाकरी

माझ्या वडिलांचं वजन पंधरवड्यात चार किलोंनी वाढलं म्हणून मी कारखान्यात पेढे वाटले. ते चार किलो माझ्या डाव्या पायाचे होते, हे पेढे संपल्यावर कळलं.

मी तेव्हा भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मेहता होतो. मेहता म्हणजे आलेलं सूत, गेलेलं कापड आणि कामगारांच्या हजेऱ्या मांडून ठेवणारा माणूस. तुटलेला एक धागा त्याला जोडता येत नाही, पण रुबाब असा की सगळे माग जणू त्याच्याच फुंकरीवर चालतात. सुताच्या गोण्या तोलायला आमच्याकडे जमिनीलगत फळी असलेला लोखंडी काटा होता. त्या काट्यावर मी अधूनमधून बाबांना आणून उभं करायचो. त्या दिवशी फळी जरा हलली, बाबा डगमगले, म्हणून मी त्यांचं कोपर धरलं. कोपर धरताना माझा एक पाय फळीवर कधी गेला, ते मला कळलं नाही. कळलं ते गोण्या वाहणाऱ्या भय्याला. पण तो मोठा सभ्य माणूस. पेढा तोंडात टाकून, घोळवून, गिळून झाल्यावर मग म्हणाला,

“मेहताजी, बाबूजी के साथ आपकी टांग भी तुल गयी थी.”

कारखाना हसला. लूमच्या खडखडाटात माणसांचं हसू ऐकू येत नाही, नुसते दात दिसतात. ते जास्त लागतं. पुन्हा तोललं, या वेळी मी हात मागे बांधून लांब उभा. बाबा मागच्या खेपेपेक्षाही कमी भरले. मग मात्र एकही दात दिसेना. बाबांनी आपला पेढा मोडून अर्धा कागदात ठेवला होता, तो भय्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “खा. गोनी उचलतंस तू.”

बाबा मूळचे अंजूरचे. खाडीकाठची भातशेती, सगळी हयात चिखलात. आई गेल्यावर शेत चुलतभावाला करायला दिलं आणि बाबांना मी भिवंडीत आणलं. आले तेव्हा चांगले दणकट होते. दाराच्या चौकटीत उभे राहिले की घरात अंधार व्हायचा. वर्ष पुरं व्हायच्या आत उजेड पडायला लागला. खुंटीवर टांगलेली बंडी आणि बाबांच्या अंगावरची बंडी यांत फरक राहिला नाही.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशीच मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पोट दाबलं, जीभ बघितली, रक्त-लघवी तपासून घेतली. म्हणाले, रोग नाही. मी हुश्श करणार तोच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“रोग असता तर औषध दिलं असतं,” ते म्हणाले. “हे जेवत नाहीत. या वयात अंगावरचं मांस उतरलं की परत चढवणं फार अवघड. पायातलं बळ जातं, माणूस पडतो, आणि पडला की अंथरूण धरतो. दूध द्या, अंडी द्या, डाळ द्या, मासळी द्या. थोडं थोडं, पण द्या. असेच उतरत राहिले तर येत्या पावसाळ्यात साधा तापसुद्धा त्यांना पेलायचा नाही.”

तेव्हा नुकती होळी झाली होती. पावसाळा काही फार लांब नव्हता.

आमची ही कल्याणची. तिनं सगळं ऐकून पदर खोचला. सकाळी दूध, दहाला अंडं, दुपारी डाळ-भात-पोळी, चारला केळं, रात्री पुन्हा जेवण. रेशनवरची लाल मिलो ज्वारी बाबांच्या पानात येऊ द्यायची नाही, असा तिचा दंडक. ती आमच्या पानात. बाबा कशालाच नाही म्हणायचे नाहीत. प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायचे, आणि प्रत्येक गोष्ट अर्धी मोडून ठेवायचे. केळंसुद्धा. अर्धं केळं सालीत नीट गुंडाळून ताटाच्या कडेला. अंड्याचा अर्धा पिवळा बलक वाटीत एखाद्या दागिन्यासारखा.

“पोट भरलं, मामंजी?”

“भरलं गो. झ्याक झालंय.”

“मग हे?”

“ते राहू दे. कोनतरी खाईल.”

ते कोनतरी मी असायचो. त्या उन्हाळ्यात बाबा उतरत गेले आणि माझ्या पँटीची बटणं एकेक करून राजीनामा देत गेली.

मला एक खोड आहे. कोडं पडलं की मी ते सोडवतोच, फक्त चुकीचं सोडवतो. पहिला तर्क दातांचा. बाबांना उजेडात बसवून मी त्यांच्या तोंडात टॉर्च मारला. दात माझ्यापेक्षा बरे. त्यांनी तोंड मिटलं आणि विचारलं, “बैल घेतोस का काय?”

दुसरा तर्क चवीचा. ही पोळ्या करायची, बाबांना सवय तांदळाच्या भाकरीची. हिनं शेजारणीकडून उकड काढायला शिकून घेतली. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, दुसरी तव्यावरून सुटायला तयार नव्हती, पण आठवड्याभरात अशी भाकरी करायला लागली की फुगून टम्म. बाबा बघत राहिले. “अगदी तुझ्या सासूसारकी,” म्हणाले. हिचे डोळे भरून आले. मग त्यांनी भाकरी मधोमध मोडली, अर्धी टोपलीत परत ठेवली, आणि उरलेली अर्धी माशाच्या कालवणाशी जेवले. हिचे डोळे होते तिथंच कोरडे झाले.

तिसरा तर्क दुःखाचा. आईच्या आठवणीनं अन्न जात नसेल. हा तर्क मला फार आवडला होता, कारण त्यात कुणाचाच दोष नव्हता. एका संध्याकाळी मी जवळ बसून हळूच म्हणालो, “आई असती तर तिनं तुम्हाला दोन घास जास्त जेवायला लावलं असतं, नाही?”

बाबांनी विचार केला. “न्हाय. तिनं पन आता एवढंच वाढलं असतं.”

हे उत्तर मला कळलं नाही. कळलं नाही म्हणून मी ते सोडून दिलं आणि चौथ्या तर्काकडे वळलो. तो होता उकाड्याचा.

या सगळ्यात एक कलम माझं स्वतःचं होतं. बाबांनी आता काडीचंही काम करायचं नाही. जन्मभर राबले, आता आराम. नळावर पाणी भरायला निघाले की मी हातातली बादली घ्यायचो. एकदा ही लसूण सोलत होती, बाबांनी समोर बसून चार पाकळ्या सोलल्या. मी नेमका तेवढ्यात घरात आलो. “काय चाललंय काय? मेहत्याचा बाप लसूण सोलतोय, लोक काय म्हणतील?” बाबांनी हात झटकले आणि भिंतीला टेकून बसले. लसणाचा वास मात्र त्यांनी बराच वेळ बोटांवरून घेतला. त्या रात्री पाव भाकरीवर उठले. मी ते उकाड्याच्या खात्यात धरलं.

वैशाखात एक दिवस ही मला म्हणाली, “अहो, एक विचारू? आपल्याकडे गेला महिनाभर सुके बोंबील आले नाहीत.”

“बरं मग?”

“मामंजींच्या हातांना बोंबलाचा वास येतो.”

मी बाबांच्या जवळ जाऊन काहीतरी निमित्त काढून वाकलो. येत होता. चांगला ठसठशीत. घरचं अंडं अर्धं मोडून ठेवणारा माणूस बाहेर बोंबील खातो? आणि कुठं? बाबा दुपारी ‘देवळात बसून येतो’ म्हणून बाहेर पडायचे. बोंबलाचा नैवेद्य लागतो असं देऊळ आमच्या गल्लीत तरी माझ्या माहितीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामगार जेवायला सुटले तसा मीही सुटलो. कापडाचे तागे भरलेल्या हातगाडीमागे उभा राहिलो. आपण लपलोय असं मला वाटत होतं, पण हातगाडीवाला “मेहताजी, धक्का मारना है क्या?” म्हणून विचारून गेला. तेवढ्यात बाबा आले. देवळाकडं वळलेसुद्धा नाहीत. सरळ चालत गेले आणि कारखान्यांच्या मागच्या बोळात शिरले. थोड्या वेळानं मी गेलो तेव्हा त्यांच्या टायरच्या वहाणा भिसीच्या दारात होत्या.

भिसी म्हणजे लूमवर काम करणाऱ्यांची खानावळ. गावाहून एकटे आलेले कामगार, घर ना दार, दोन्ही वेळा तिथं जेवतात. पत्र्याची लांबट शेड, मातीची जमीन, टोकाला दोन मोठ्या चुली. चालवणारी बाई आंध्राकडची, सगळे तिला अम्मा म्हणायचे. आत पंगत बसली होती. अंगाला कापसाची लव चिकटलेली पंचवीस-तीस माणसं, बोलणं नाही, नुसता जेवणाचा आवाज. आणि त्या ओळीत, भिंतीकडून तिसरे, माझे बाबा.

मी बघतच राहिलो. पुढ्यात भाताचा ढीग. त्यात डाळीचं आळं केलेलं. डाव्या बाजूला वांग्याचं कालवण, तळलेले बोंबील, कांदा. बाबा भात कालवत होते, शेतावर कालवायचे तसा, पाचही बोटांनी. घास केवढे! अम्मा भाताचं पातेलं घेऊन आली, तर नको नाही, बस नाही, त्यांनी नुसतं ताट जरा पुढं सरकवलं. माझ्या घरात वर्षभर ते ताट पुढं सरकलं नव्हतं.

अम्मानं मला पाहिलं. “अरे मेहताजी! इधर कैसे?”

“वो… मेरे पिताजी…”

“ये? ये तुम्हारा बाप है?” तिनं पातेलं खालीच ठेवलं. “मैं समझी बिचारे का कोई नहीं! घर में खाने को नहीं देते क्या?”

आख्खी पंगत माझ्याकडे वळली. कारखान्यात दिसलेले ते सगळे दात पुन्हा दिसले.

बाबाच माझ्या मदतीला आले. “देतात गो बाय, लई देतात,” म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

“तो फिर इधर काहे को काम करता है बुड्ढा?”

मग तिनं सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी बाबा नुसते दारात बसून होते. तिनं जेवा म्हटलं, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, कुणालाही न विचारता सुक्या बोंबलांची पाटी पुढ्यात ओढली, सगळ्यांची मुंडकी मोडली, पंख काढले, मग हात धुतले आणि पंगतीत जाऊन बसले. “जैसे इनका नाम लिखा हो उधर.” तेव्हापासून रोज. कधी बोंबील, कधी तांदूळ. रेशनच्या तांदळात खडेच फार, एक खडा लागला की ही पोरं ताट आपटतात. बाबांनी निवडलेल्या तांदळात कुणाच्या दाताखाली खडा आला नव्हता. “मैं बोली पहले खा लो, बाद में करो. नहीं. पहले काम, फिर खाना. ये मेरा कानून नहीं, इनका है.”

मला वाटलं आता आपण बाबांना हाताला धरून बाहेर काढावं आणि घरी नेऊन जाब विचारावा. पण ते अजून जेवत होते. जेवत्या माणसाला उठवायचं नसतं एवढं मला माझ्याही अवस्थेत आठवलं. मी दारातच घुटमळलो तर बाबांनी शेजारची जागा हातानं थोपटली.

“ये. जेव. तू राबून आलंस.”

मी बसलो. काय करणार? अम्मानं ताट आणून आपटलं. डाळ चिंचेनं अशी आंबट होती की कानामागून घाम आला. बोंबील मात्र… जाऊ द्या. हिनं हे वाचलं तर.

परत येताना आम्ही सावलीसावलीनं चाललो. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, त्यामुळे बाबा मोठ्यानं बोलत होते आणि मी त्याहून मोठ्यानं. आमच्या घरातली सगळ्यात खासगी गोष्ट आम्ही अशी रस्त्यावर ओरडत बोललो.

“घरी का नाही जेवत असं?”

“घरात मी बसून असतो.”

“मग?”

“मग काय? बसत्या मानसाला किती लागतं? राबनाऱ्यानं पोटभर खावं, बसनाऱ्यानं अर्धी मोडावी. ही आपल्याकडची रीतच हाय.”

“कुणी सांगितली?”

“सांगतंय कोन? तुझ्या आज्याचा नांगर सुटला त्या सालापासनं त्यानं अर्धी भाकर केली. कोन काय बोललं नव्हतं. त्याला कळत होतं. आखाडात कनगीचा तळ दिसायचा, भात यायचं दिवाळीला. मदी पोरं, बैलं, आवनीला, भात लावायला आलेली मानसं. कोनीतरी हात आवरायला हवा ना?”

मी थांबलोच. कारण आजोबांची ती अर्धी भाकरी मला आठवत होती. ती मी खायचो. पडवीत ते जेवायला बसले की मी त्यांच्या मांडीला लागून बसायचो, ते भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात द्यायचे. इतकी वर्षं मी ते लाड म्हणून जपून ठेवलं होतं. कोणाकोणाला सांगितलंसुद्धा होतं, आमच्या आजोबांचा माझ्यावर फार जीव.

“पण बाबा, आता कणगी कुठंय? रेशन आहे, माझा पगार आहे.”

“पगार तुझा,” बाबा म्हणाले. “पोट माजं.”

थोडं चालल्यावर मी विचारलं, “नांगर सुटल्यावर आजोबा किती जगले?”

बाबा पुढं चालत राहिले. मला वाटलं खडखडाटात ऐकू गेलं नाही. वळणावर आवाज जरा कमी झाला तेव्हा ते म्हणाले, “दोन पावसाळे. धिप्पाड होता रे. माज्यापेक्षा.”

एवढंच. रीत बरोबर होती का चूक, त्यावर काही नाही. पण स्वतःच्या मनगटाभोवती त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट फिरवून पाहिलं. बोटं सहज जुळली, वर जागा उरली. ते त्यांनीही पाहिलं आणि मीही.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं, बोंबलांची चव सोडून. मला धास्ती होती ती निराळीच. वर्षभर हिनं एवढं राबून केलेलं अन्न नाकारून सासरा खानावळीत जेवतो, म्हटल्यावर आता भांडी आपटणार. तिनं फक्त विचारलं, “किती जेवले?” मी हातानं भाताचा ढीग दाखवला. “आणि वर मागून घेतला? स्वतःहून?” मी ताट सरकवल्याची नक्कल केली. ती तिनं मला दोनदा करायला लावली.

संध्याकाळी बाबा भिंतीला टेकून बसले होते. ही सूप घेऊन आली, त्यात रेशनचे तांदूळ, आणि ते सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ठेवलं म्हणजे आदळलंच.

“मामंजी, एवढे निवडा. माझ्यानं होत नाही. आणि नंतर लसूण आहे, गड्डे दोन. नीट सोला, सालं राहतात तुमच्या हातून.”

माझं तोंड उघडलं. हिनं माझ्याकडे असं बघितलं की ते तसंच उघडं राहिलं. बाबांनी सूप मांडीवर घेतलं, तांदूळ उजेडाकडे सारले. “कोन म्हनतं सालं राहतात?” एवढं पुटपुटले आणि कामाला लागले. मधे एकदा हिला हाक मारून खड्यांची मूठ दाखवली. “हे बघ. हे खात होतात तुमी.”

जेवायला बसलो. भाकरी आली. बाबांनी ती हातात घेतली, मोडायला म्हणून दोन्ही अंगठे मधोमध ठेवले. आम्ही दोघंही दुसरीकडे बघत होतो, मी छपराकडे, ही चुलीकडे. ऐकू आला तो फक्त मोडल्याचा आवाज. बघितलं तर त्यांनी कडेचा लहानसा तुकडा मोडून कालवणात बुडवला होता. टोपलीत काही परत गेलं नाही. मग दुसरी भाकरी निम्मी घेतली. थोडा भात.

मागचं आवरताना मी हिला म्हटलं, “चला, रोग सापडला. आता उद्यापासून भिसीत जायचं कारण नाही. सांगतो मी बाबांना. मेहत्याच्या बापानं खानावळीत बोंबील निवडायचे, बरं नाही दिसत.”

तिनं हातातलं भांडं पालथं घातलं, पदराला हात पुसले.

“अजिबात सांगायचं नाही. त्या अम्माला माझा निरोप द्या, दिवसपाळी तिची, रातपाळी माझी. आणि तिला विचारून या, डाळीत चिंच कधी घालते ते.”